डावीकडचा तिसरा पाटा

वयाबरोबर माणसाची उंची थोडी कमी होते, असे डॉक्टर सांगतात. मोटारीचीही होते, हे मात्र मला गेल्या भाऊबीजेपर्यंत ठाऊक नव्हते. मी मराठीचा प्राध्यापक. किल्ली फिरवली की गाडी सुरू व्हावी आणि ब्रेक दाबला की थांबावी, एवढेच माझे मोटारविषयक ज्ञान. मधल्या सर्व गोष्टी परमेश्वर आणि मिस्त्री यांच्यावर सोपवून मी वीस वर्षे निर्धास्त होतो.

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. फिकट निळ्या रंगाची, १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंदांच्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट ११०० वरून ज्या गाड्या तयार होत, त्यांना १९७४ पासून हे नाव मिळाले. इंजिन १,०८९ सी.सी.चे, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, आणि पुढच्या सीटवर मनात आणले तर तिघे. ज्यांच्या लहानपणी घरी मोटार नव्हती, तेही मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीमुळे हिला ओळखतात. त्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी अण्णांनी वर्तमानपत्रातला फोटो कात्रीने कापून चष्म्याच्या घरात ठेवला. विचारले तर म्हणाले, "असू दे. डोळ्यांसमोर आला म्हणून घेतला."

नाव नोंदवून कित्येक वर्षे वाट पाहिल्यावर आमचा नंबर लागला, तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. घरात आधी मी आलो की गाडी, याबद्दल माझ्या लहानपणी मला स्वतःलाच शंका असे, कारण कौतुक तिचे जास्त होई. अण्णांचा पेठेत छोटा छापखाना होता. खिळे जुळवून छापायचा, जुन्या पद्धतीचा. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, शाळांची प्रगतिपुस्तके आणि पावसाळा सरला की दिवाळी अंक. टेंपोचे भाडे वाचावे म्हणून कागदाची रिमे आणि अंकांचे गठ्ठे आमच्या पद्मिनीच्या डिकीतून जात. तेव्हा गाडीच्या पाठीला जो बाक आला, त्यात दिवाळी अंकांचा काही वाटा निश्चित आहे. संपादकांनी हे मनावर घेऊ नये.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो.

दरवर्षी भाऊबीजेला अण्णा वाईला आत्याकडे जातात. आत्या शहाऐंशी वर्षांच्या, अण्णा एक्याऐंशीचे. पुण्याहून वाई नव्वदएक किलोमीटर. पूर्वी अण्णा स्वतः चालवत; डोळ्यांचे ऑपरेशन झाल्यापासून मी चालवतो आणि ते मागे डाव्या खिडकीशी बसतात. दोन-तीन वर्षांपासून मागे तिघे बसले आणि चाक खड्ड्यात गेले की डावीकडून 'खर्रर्र' असा आवाज येऊ लागला होता. आधी तो मी न ऐकल्यासारखे केले. मग सौभाग्यवतींनी ऐकला, त्यामुळे काहीतरी करणे भाग पडले.

जवळच्या एका गॅरेजात गेलो. त्यांनी सांगितले, शॉकअप गेले. मागचे दोन्ही शॉकअप नवे घातले. आठवडाभर मला गाडी उंच झाल्यासारखी वाटली, पण ते बहुधा बिलाच्या आकड्यामुळे असावे. आवाज होताच. मग दुसऱ्याने उपाय सांगितला: पाट्यांना मागच्या टोकाशी लटकवणाऱ्या ज्या दोन पट्ट्या असतात, ज्यांना शॅकल म्हणतात, त्या लांब करून घाला, गाडी आपोआप वर येते. तेही केले. शिवाय जुने टायर झिजलेच होते, तेव्हा त्याच्याच सल्ल्याने चांगले रुंद, १७५ चे टायर बसवले. गाडी रुबाबदार दिसू लागली. चिरंजीवांनी तिचा फोटो काढून मित्रांना पाठवला. अण्णा मात्र गाडीभोवती एक फेरी मारून, काही न बोलता वर गेले.

खंबाटकीचा घाट आम्ही सकाळी साडेअकराला चढायला लागलो. पुढे मी आणि चिरंजीव. मागे अण्णा, सौ. आणि धाकटी, डिकीत फराळाचे डबे. उजव्या वळणावर गाडी डावीकडे झुकली की 'खर्रर्र', सरळ झाली की बंद. तिसऱ्या की चौथ्या वळणावर आवाजाबरोबर रबर जळल्याचा वास आला. धाकटी म्हणाली, "बाबा, काहीतरी करपतंय." गाडी कडेला घेतली. डाव्या मागच्या टायरची बाजू मडगार्डच्या पत्र्याच्या कडेने सुरीने कापावी तशी चिरली होती, आणि त्या चिरेतून आतले दोरे दिसत होते. आणखी दोन वळणे आणि टायर फुटला असता. डावीकडे कठडा होता आणि कठड्याच्या पलीकडे काही नव्हते. ते त्या वेळी मी पाहिले, पण त्याचा विचार रात्री झोपताना सुचला.

स्टेपनी चढवली, तर तीही घासू लागली. घाटाची ती वाट एकाच दिशेची, परत फिरता येत नाही. सर्वांना उतरवून, मी एकटा गाडीत आणि बाकीचे एका दयाळू जीपवाल्याच्या गाडीत, असे करत करत आणि वाटेत एका टायरवाल्याची तीन तास वाट पाहत आम्ही वाईला पोचलो तेव्हा रात्रीचे साडेआठ झाले होते. आत्या सकाळपासून ताम्हन मांडून बसल्या होत्या. भावाला ओवाळल्याशिवाय जेवायचे नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. दुपारी त्यांना घेरी आली, शेजारच्या बाईंनी लिंबाचे सरबत पाजले, तेही 'हे जेवण नव्हे' अशी समजूत घालून. अण्णा पाटावर बसले तेव्हा निरांजन धरलेला आत्यांचा हात इतका कापत होता की सौ.नी तो खालून धरला.

परतताना भाड्याची गाडी केली. पद्मिनी मागाहून ट्रकवर चढून आली. शिरवळपर्यंत अण्णा गप्प होते. मग म्हणाले, "पुढच्या वर्षी एस.टी.नं जाऊ." मला कोणी पुष्कळ बोलले असते तर बरे वाटले असते.

त्यानंतर घरात जे व्हायचे ते झाले. मेव्हण्यांनी भंगाराचा भाव विचारून आणला. पंधरा वर्षांवरील गाडीची दर पाच वर्षांनी पुन्हा नोंदणी करावी लागते. आमची पाळी २०२७ मध्ये येते. तोवर कशाला थांबायचे, असे सर्वांचे मत पडले. माझेही तेच होते, पण एक गोष्ट मनात राहिली होती. चूक गाडीची की मी केलेल्या उपचारांची, हे मला समजले नव्हते. आणि पेपर न तपासता नापास करणे माझ्या धंद्यात बसत नाही.

नाना पेठेत जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानदाराने पाटेवाल्या उस्तादांचा पत्ता दिला. एका बोळात पत्र्याची शेड, दारात ट्रकचे गंजके पाटे रचलेले, आत भट्टी. उस्ताद सत्तरीचे असतील. माझा सगळा वृत्तान्त त्यांनी ऐकला आणि विचारले, "सर, मोजलं का कुणी?"

कुणीच मोजले नव्हते. दीड वर्षात तीन मिस्त्रींनी गाडी पाहिली, एकाने दाबून पाहिली, एकाने लाथ मारून पाहिली. मोजली कुणी नव्हती. उस्तादांनी गाडी सपाट फरशीवर घेतली, चारी चाकांत सारखी हवा भरली, आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर शिंप्याच्या टेपने मोजले. मागची डावी बाजू उजवीपेक्षा साडेतीन सेंटिमीटर खाली! मग पुढची दोन्ही चाकेही मोजली, कारण पुढचा एक कोपरा खचला तरी गाडी तिरकी होऊन मागे दोष असल्यासारखे दिसते. पुढे सर्व ठीक होते. रोग मागे डावीकडेच होता.

मग त्यांनी माझ्या एकेका उपचाराची उत्तरतपासणी केली, आणि ती माझ्या वाचकांपैकी कोणाच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. शॉकअप गाडीला उचलून धरत नाही. ते काम पाट्यांचे. पाटा दबून उसळला की ती उसळी शॉकअप शमवतो, एवढेच. लांब शॅकलने गाडी वर येते हे खरे, पण शॅकल दोन इंच वाढवावी तेव्हा गाडी एक इंच उठते. आणि लांब दोरीचा झोपाळा जसा बाजूला जास्त हेलकावतो, तशी गाडी वळणावर बाजूला जास्त सरकते. त्यात रुंद टायर. आमच्या गाडीचा मूळ टायर ५.२०-१४, म्हणजे रुंदी ५.२० इंच, सुमारे १३२ मिलिमीटर. मी बसवले १७५ चे. प्रत्येक बाजूला दोन सेंटिमीटर टायर जास्त. "गाडी बसली होती साडेतीन सेंटिमीटर," उस्ताद म्हणाले, "आणि जागा तुम्हीच दोन सेंटिमीटर खाल्ली. पत्रा कुठं जाईल?"

एका शनिवारी काम धरले. मी सुटी घेतली. अण्णांना नेण्याचा माझा विचार नव्हता, पण सकाळी ते सदरा-पायजमा घालून, काठी घेऊन दारात उभे.

गाडीचा मागचा भाग उचलून बॉडीखाली घोड्या लावल्या. एक्सलला खालून वेगळा जॅक दिला. यू-बोल्ट इतके गंजले होते की रात्रभर तेल सोडूनही हलले नाहीत, शेवटी कापले. उस्ताद म्हणाले, एकदा काढलेला यू-बोल्ट तसाही परत घालायचा नसतो, तो ताणलेला असतो. पाट्यांचा जुडगा खाली आला तेव्हा मधला बोल्ट सोडण्यापूर्वी त्यांनी तो शिकंजात आवळून धरला. आवळला नाही तर पाटे उसळून बोटे घेतात. मग एकेक पाटा ब्रशने घासून ओळीने जमिनीवर मांडला. दोन्ही टोकांना डोळे असलेला सर्वांत लांब तो मेन पाटा, आणि त्याच्या खाली उतरत्या लांबीचे बाकीचे.

"खडू आहे का?" उस्तादांनी पोराला विचारले. पोराजवळ नव्हता. माझ्या खिशात होता. वीस वर्षांच्या नोकरीत माझा खडू इतक्या उपयोगी कधी पडला नसेल. उजवीकडचा मेन पाटा फरशीवर आडवा ठेवून त्यांनी त्याची कमान खडूने आखून घेतली, मग डावीकडचा त्याच रेघेवर ठेवला. मधोमध तो रेघेपासून तीन-चार बोटे दूर राहिला. पाट्याची ताकद जात नाही, कमान जाते. आजही त्यावर अमुक वजन ठेवले तर तो पूर्वीइतकाच दबेल. पण दबायला सुरुवातच खालून करतो. हे ऐकून मला व्याकरणातला नियम समजल्याचा आनंद झाला. म्हातारपणी माणूस 'मऊ' होतो असे आपण म्हणतो, त्यातही अशीच काही गफलत असेल.

आणि मग ओळीतला डावीकडचा तिसरा पाटा. गंज घासला तशी मध्यभागापासून वीतभर अंतरावर आडवी काळी रेघ दिसली. उस्तादांनी दोन टोके धरली आणि पाटा दोन तुकडे होऊन हातात आला. तुटलेल्या तोंडावर ताजा भाग कुठेच नव्हता, सगळे तपकिरी. म्हणजे फार जुने दुखणे. वरच्याखालच्या पाट्यांनी त्याला धरून ठेवले होते आणि त्याच्या वाटणीचा भारही उचलला होता.

"तो मी मोडला," अण्णा म्हणाले.

खुर्चीवर बसून ते इतका वेळ गप्प होते. आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहू लागलो. सांगतानाही ते पाट्याकडेच बघत होते.

१९९४ साली छापखाना बंद झाला. तोवर सगळीकडे कॉम्प्युटर आणि ऑफसेट आले होते, खिळे जुळवणारा कोणी उरला नव्हता. शिशाचे खिळे मोडीत किलोच्या भावाने द्यायचे ठरले. मोडवाला टेंपो पाठवतो म्हणत होता. अण्णांनी नको म्हटले. खिळ्यांच्या पेट्या त्यांनी स्वतः, एकट्याने, रात्री गाडीत भरल्या. फुटपाथ डावीकडे, म्हणून डावे दार उघडून पेट्या मागच्या सीटवर डाव्या बाजूला रचल्या. शिसे दिसते थोडे, पण वजन भयंकर. दोन खेपा करायच्या त्या एकाच खेपेत केल्या. "दुसऱ्यांदा तिथं जायचं नव्हतं मला," ते म्हणाले. नदीवरच्या पुलाच्या अलीकडे खड्ड्यात चाक गेले आणि 'कट्' असा आवाज झाला. काय तुटले ते त्यांना त्याच वेळी कळले होते. कुणाला सांगितले नाही. सांगितले असते तर एवढे वजन कशाचे, हेही सांगावे लागले असते.

मी तेव्हा चौदा वर्षांचा. त्या रात्री अण्णा उशिरा आल्याचे मला आठवते, आणि जेवले नाहीत तेही. आईने विचारले तेव्हा "पोट ठीक नाही" म्हणाले होते. तीस वर्षे ती गाडी डाव्या अंगाने वाकून चालत होती आणि आम्ही तिच्यात बसून लग्नाला, परीक्षेला, आणि आईला घेऊन हॉस्पिटलात जात होतो.

उस्तादांनी तुटके तुकडे बाजूला ठेवले. भंगाराच्या ढिगावर टाकले नाहीत, हे मी पाहिले.

तिसरा पाटा स्प्रिंगच्या पोलादातून नवा कापला. बाकीच्यांना भट्टीत लाल करून, खडूच्या रेघेला जुळेल अशी कमान देऊन, तेलात बुडवले. नुसते तापवून वाकवले तर पाटा मऊ पडतो, चार महिन्यांत पुन्हा बसतो; नुसते बुडवून सोडले तर काचेसारखा ठिसूळ होतो. म्हणून बुडवल्यावर पुन्हा बेताच्या आचेवर धरून उतरवायचा. याला ते 'पाणी देणे' म्हणत होते. मी म्हटले, "उस्ताद, पण हे तर तेल!" ते म्हणाले, "तेलात देतो, पण देतो पाणीच." पाणीदार तलवार, पाणीदार नजर हे मी वर्गात किती वेळा समजावून सांगितले असेल! ते पाणी धगीतून येते हे मुलांना कधी सांगितले नाही, कारण मलाच दिसले नव्हते.

पाट्यांच्या मधोमध ग्रॅफाइटचे ग्रीस लावले. रबराचे बुश नवे, यू-बोल्ट नवे, शॅकल पुन्हा मूळच्या आखूड. टायरही मूळच्या रुंदीच्या जवळपास येणारे अरुंद घेतले. चिरंजीव थोडे खट्टू झाले. गाडी खाली उतरवली, तर मागून अशी उंच की भांडायला निघालेल्या कोंबडीसारखी दिसत होती. मी घाबरलो. उस्ताद म्हणाले, "नवी कमान आहे सर, सेंटिमीटरभर बसेल. बसायला जागा ठेवलीय."

बोल्ट पक्के आवळण्याआधी त्यांनी हात थांबवला. बुशाचे बोल्ट गाडी अधांतरी असताना आवळायचे नसतात. तसे केले तर रबर चुकीच्या जागी पिळलेले राहते आणि लवकर फाटते. गाडी चाकांवर उभी हवी आणि तिच्यात नेहमीचे वजन हवे. "कोण बसतं मागं?" त्यांनी विचारले. मी वाळूच्या गोणीकडे पाहिले. अण्णा काठी टेकत उठले, डावे दार उघडले आणि आपल्या खिडकीशी जाऊन बसले. उस्ताद गाडीखाली शिरले. पाना आवळल्याचे आवाज खालून येत होते आणि अण्णा काच खाली करून समोरच्या बोळाकडे बघत होते, जणू गाडी चाललीच आहे.

नंतर मी टेप मागून घेतला आणि स्वतः मोजले. डावीउजवीत फरक चार मिलिमीटर. चार मिलिमीटर काढता येतील का, असे मी विचारले, तेव्हा उस्तादांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, ज्या नजरेने मी शंभरापैकी पंच्याण्णव मिळूनही फेरतपासणीला येणाऱ्या विद्यार्थ्याकडे पाहतो.

गेल्या महिन्यात एका रविवारी कुणालाच न सांगता, फक्त अण्णांना घेऊन, खंबाटकी चढून आलो. मागच्या सीटवर त्यांच्याशेजारी दोन गोण्या वाळू. उजव्या वळणांवर आम्ही दोघेही गप्प बसून ऐकत होतो. काही ऐकू आले नाही. वर पोचल्यावर अण्णांनी विचारले, "अक्काला फोन करू का?" आणि मी म्हटले, "अजून नको, आधी बोल्ट परत आवळून घेऊ." कारण नवे पाटे बसले की यू-बोल्ट थोडे सैल पडतात, पाचेकशे किलोमीटर झाले की पुन्हा एकदा आवळावे लागतात, हे उस्तादांनी तीनदा बजावले आहे.

परवा काटा त्या आकड्यावर आला. येत्या शनिवारी सकाळी आठला बोलावले आहे. अण्णांनाही घेऊन या, असा निरोप आहे.